पीसी घेताना सगळे प्रोसेसर बघतात, पण त्याचा जीव गुदमरतो तो कॅबिनेटमुळे..!

नवीन कॉम्प्युटर असेंबल करायचं ठरलं की घरात एक यादी तयार होते. पहिल्या ओळीवर प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, मग रॅम आणि एसएसडी. आठ दिवस यूट्यूबवर व्हिडीओ बघून होतात, मित्रांच्या ग्रुपवर वाद होतात, बाबांकडून बजेट चार-पाच हजारांनी वाढवून घेतलं जातं. यादीच्या अगदी शेवटी एक शब्द असतो, कॅबिनेट. त्याच्यापुढे किंमत लिहिलेली नसते. जे उरेल त्यात बसवायचं.

दुकानात गेल्यावर मात्र ही शेवटची वस्तू सगळ्यात आधी डोळ्यात भरते. समोरून चकचकीत काच, आत रंग बदलणारे लाईट. बघता क्षणी 'हाच द्या' म्हटलं जातं.

मग मे महिना उजाडतो. गेम सुरू करून पंधरा मिनिटं होतात न होतात तोच स्क्रीन अडखळायला लागते. फॅन गिरणीसारखे घरघरतात. कधी पीसी आपोआप बंदच पडतो. शिव्या ग्राफिक्स कार्डला बसतात, प्रोसेसरला बसतात, लाईटच्या कमी-जास्त दाबाला बसतात. ज्या डब्यात हे सगळं कोंबलंय, त्या डब्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही.

म्हणूनच लाखभर रुपयांचा पीसी घेतानाही कॅबिनेटमध्ये नेमकं काय बघायचं, आणि आधी काय बघायचं, हे माहीत असायला हवं.

आधी नावाचा घोळ मिटवू

आपल्याकडे टेबलाखालच्या त्या अख्ख्या डब्याला सरसकट 'सीपीयू' म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतली प्रोसेसरची छोटीशी चिप, तळहातावर सहज मावणारी. तो डबा म्हणजे कॅबिनेट. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जाऊन कॅबिनेट म्हणालात की दुकानदाराला बरोबर कळतं.

नावाचा हा घोळ साधा वाटतो, पण त्यातून एक गैरसमज तयार झालाय. डबा म्हणजे नुसतं झाकण, वस्तू नीट राहाव्यात आणि चांगल्या दिसाव्यात म्हणून. प्रत्यक्षात कॅबिनेटला एक काम असतं, आणि ते चोवीस तास चालू असतं.

डब्याचं खरं काम: आतली आग बाहेर काढणं

चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी गेम खेळताना किंवा व्हिडीओ रेंडर करताना सहज ४०० वॅट वीज घेतो. ही वीज जाते कुठे? पंख्यात ती फिरण्यासाठी वापरली जाते, बल्बमध्ये उजेडासाठी. कॉम्प्युटरमध्ये मात्र जवळपास सगळ्या विजेची शेवटी उष्णता होते.

आठवा ते जुने पिवळे १०० वॅटचे बल्ब. हात लावला की चटका बसायचा. असे चार बल्ब एका बंद पेटीत पेटवून ठेवले तर आत काय होईल? गेम चालू असताना कॅबिनेटमध्ये तेच होत असतं.

आता थोडा हिशोब. ४०० वॅट उष्णता बाहेर काढायची आणि आतून जाणारी हवा खोलीपेक्षा फक्त १० अंशांनीच गरम होऊ द्यायची, तर दर सेकंदाला साधारण ३३ ते ३५ लिटर हवा डब्यातून आरपार जायला हवी. म्हणजे घरी येणाऱ्या २० लिटरच्या पाण्याच्या जारचं माप धरलं, तर सेकंदाला दीड जारपेक्षाही जास्त. नेहमीच्या आकाराच्या कॅबिनेटमध्ये एकूण हवाच ४५ लिटरच्या आसपास मावते. म्हणजे दर सव्वा-दीड सेकंदाला डब्यातली सगळी हवा बदलली गेली पाहिजे!

नाही बदलली तर? तीच गरम हवा आत फिरत राहते, ग्राफिक्स कार्ड स्वतःच सोडलेली गरम हवा परत ओढतं आणि तापमान चढत जातं. आजचे बरेचसे डेस्कटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. याला म्हणतात थ्रॉटलिंग. तुम्ही पैसे मोजलेत वेगवान चिपचे, आणि डबा तुम्हाला वापरायला देतोय मंद चिप.

दिसण्यापुढे हवेला विसरलं की काय होतं, हे ॲपललाही भोगावं लागलं

ही चूक फक्त पहिल्यांदा पीसी घेणारेच करतात असं नाही. १९८० मध्ये ॲपलने 'ॲपल थ्री' नावाचा कॉम्प्युटर आणला. ऑफिसात वापरायचं मशीन, महागडं. स्टीव्ह जॉब्स यांना फॅनचा आवाज नको होता, म्हणून त्यात फॅन नव्हता आणि हवेसाठी झरोकेही नव्हते. ॲल्युमिनियमची जड बॉडीच उष्णता शोषून घेईल असा हिशोब होता.

पण मशीनं बिघडायला लागली. तापून आतल्या चिप्स आपल्या जागेवरून सैल व्हायच्या. तेव्हा यावर सांगितला गेलेला उपाय आजही हसू आणतो. कॉम्प्युटर दोन-तीन इंच उचला आणि टेबलावर सोडून द्या, म्हणजे चिप्स परत जागेवर बसतील! दोष एकट्या उष्णतेचा की आतल्या सर्किट बोर्डाचाही, यावर ते मशीन बनवणाऱ्यांमध्येच मतभेद आहेत. पण नाव खराब झालं ते झालंच. १९८४ मध्ये ॲपल थ्री बंद झाला.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. २०१३ मध्ये ॲपलने मॅक प्रो आणला, काळाभोर, गोल, दिसायला एकदम देखणा. लोकांनी त्याला 'कचऱ्याचा डबा' असं टोपणनाव दिलं. मधोमध एक त्रिकोणी हीटसिंक, त्याच्या तीन बाजूंना सगळे भाग आणि वर एकच फॅन. पण पुढच्या काळातली जास्त तापणारी ग्राफिक्स कार्डं त्या आकारात थंड ठेवणं अवघड होऊन बसलं. २०१७ मध्ये ॲपलचे वरिष्ठ अधिकारी क्रेग फेडरिघी यांनी पत्रकारांसमोर कबूल केलं की या डिझाईनमुळे कंपनी उष्णतेच्या बाबतीत कोपऱ्यात सापडली होती.

मग २०१९ मध्ये काय आलं? पुन्हा साधा चौकोनी टॉवर, आणि समोरून किसणीसारखी भोकंच भोकं. पैसा आणि इंजिनियर यांची कमी नसलेली कंपनीसुद्धा फिरून जाळीवरच आली.

मग दुकानात आधी काय बघायचं? समोरचा भाग

जुन्या वाड्यांमध्ये समोरासमोर खिडक्या का असायच्या? एकीकडून वारा आत, दुसरीकडून बाहेर. कॅबिनेटचं गणितही हेच. समोरून किंवा खालून गार हवा आत, मागून आणि वरून गरम हवा बाहेर.

त्यामुळे पहिला प्रश्न लाईटचा किंवा रंगाचा नको. समोरून हवा कुठून आत येणार, हा हवा.

समोर जाळी असेल तर उत्तर डोळ्यांसमोर आहे. समोर काच किंवा प्लॅस्टिकचा अख्खा पत्रा असेल तर बाजूची फट बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये काचेच्या मागे तीन-तीन फॅन असतात, पण त्यांना हवा ओढायला बोटभरसुद्धा जागा नसते. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन चालू करा आणि दार-खिडक्या घट्ट लावून घ्या. फॅन फिरेल, आवाज येईल, पण वाफ जाणार नाही. तसंच हे.

अपवाद एकच. हल्ली समोर आणि बाजूला काच असलेली, मत्स्यालयासारखी दिसणारी कॅबिनेटं निघाली आहेत. त्यातल्या चांगल्या मॉडेलमध्ये हवा तळातून आणि आतल्या बाजूच्या भिंतीतून घेतात. अशा कॅबिनेटमध्ये तळाला आणि बाजूला खरोखर फॅन बसवले असतील तर काम भागतं. फॅनची जागा नुसतीच रिकामी असेल, तर तुम्ही शोकेस विकत घेताय.

किती फॅन हवेत? बहुतेक घरगुती पीसीला समोर दोन आणि मागे एक एवढं पुरतं. त्यापुढे प्रत्येक फॅनचा फायदा कमी-कमी होत जातो. फॅन मोठा असेल तर आणखी बरं, कारण १४० मिलिमीटरचा फॅन तेवढीच हवा १२० मिलिमीटरच्या फॅनपेक्षा हळू फिरून ढकलतो, म्हणजे आवाज कमी.

आणि एक गंमत. अनेक पीसींमध्ये फॅन उलटे बसवलेले असतात. ओळखायचं कसं? साध्या फॅनला ज्या बाजूने मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. समोरच्या फॅनच्या काड्या डब्याच्या आतल्या बाजूला हव्यात. शंका आली तर कागदाचा कपटा धरून बघा, आत ओढला जातोय की बाहेर उडतोय ते लगेच कळतं.

परदेशी रिव्ह्यू आणि आपला उन्हाळा

आता तुम्ही म्हणाल, 'पण रिव्ह्यूमध्ये तर याच कॅबिनेटमध्ये कार्ड ६५ अंशांवर होतं!' असेलही. पण ती खोली किती अंशांवर होती?

हवेने थंड होणारा पीसी खोलीच्या तापमानापेक्षा गार होऊच शकत नाही. २१ अंशांच्या एसी खोलीत ६५ अंशांवर असलेलं कार्ड खोलीपेक्षा ४४ अंशांनी गरम आहे. हाच ४४ चा फरक नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यातल्या ४० अंशांच्या खोलीत लावा. आकडा जातो ८४ वर. तिथे जे कॅबिनेट 'चालून जातं', ते इथे काठावर येतं. त्यामुळे रिव्ह्यू बघताना नुसतं तापमान न बघता खोलीपेक्षा किती जास्त, हे बघायचं.

विदर्भातल्या मंडळींसाठी एक सूचना. पीसी गार राहावा म्हणून तो कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. कूलरच्या हवेत ओल असते, कधी कधी पाण्याचे बारीक तुषारही. ते सर्किटवर बसणं परवडणारं नाही.

दुसरी गोष्ट: सामान बसेल का?

हवेचा प्रश्न सुटला की मोजपट्टी काढायची. तीन आकडे जुळले की काम झालं.

पहिला आकडा मदरबोर्डचा. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं आणि ते आजही चालू आहे. एटीएक्स बोर्ड असतो ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४ आणि मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलटं होत नाही.

दुसरा आकडा ग्राफिक्स कार्डच्या लांबीचा. मोठी कार्डं आता ३०० मिलिमीटरच्या पुढे गेली आहेत. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ३२० लिहिलं असेल तर समोर फॅन बसवल्यावर ते ३२० उरतात का, हेही विचारा. फॅनची जाडी साधारण २५ मिलिमीटर असते.

तिसरा आकडा प्रोसेसरच्या कूलरच्या उंचीचा. टॉवर कूलर १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात. अरुंद कॅबिनेटमध्ये सगळं बसवून होतं आणि शेवटी बाजूची काचच लागत नाही, हा प्रकार अनेकांच्या बाबतीत घडतो.

तिसरी गोष्ट: धूळ

३३ लिटर हवा आत येते म्हणजे तिच्याबरोबर धूळही येते. रस्त्यालगतचं घर असेल, शेजारी बांधकाम चालू असेल तर चार-सहा महिन्यांत हीटसिंकवर गोधडी तयार होते. कोकणासारख्या दमट हवेत ही धूळ ओली होऊन चिकटून बसते.

उपाय म्हणजे निघणारे फिल्टर. समोर, वर आणि खाली एसएमपीएसच्या तोंडाशी. 'निघणारे' हा शब्द महत्त्वाचा. स्क्रू न खोलता, पीसी आडवा न करता फिल्टर हातात आला तरच माणूस तो धुतो. नाहीतर जाळी तुंबते आणि मग जाळीचं कॅबिनेटही काचेसारखंच बंद होतं.

शिवाय आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, की डब्यात किंचित दाब राहतो. मग फटींमधून धूळ आत ओढली जाण्याऐवजी हवाच बाहेर पडते. समोर दोन आणि मागे एक, या मांडणीचा हा आणखी एक फायदा.

आणि जिवाशी येणारी गोष्ट

कॅबिनेट धातूचं असतं आणि आत वीज खेळत असते, हे विसरून चालत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत एनझेडएक्सटी कंपनीचं 'एच वन' हे छोटं, देखणं कॅबिनेट परत मागवलं गेलं. एकट्या अमेरिकेत सुमारे ३२ हजार नग. कारण काय, तर आतल्या एका सर्किट बोर्डला कॅबिनेटशी जोडणाऱ्या स्क्रूंमुळे शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याचा धोका होता. एका स्क्रूच्या जागेवरून अख्खं मॉडेल परत घ्यावं लागलं.

आपल्याकडे धोका जास्त साधा आहे, आणि जास्त घरांमध्ये आहे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? तर कॅबिनेट बदलू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट धातूच्या बॉडीवर येत असतो. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन तो जमिनीत नेते. जुन्या घरात अर्थिंगच नसेल, किंवा दोन पिनांचं कन्व्हर्टर लावलं असेल, तर तो करंट तुमच्यातून वाट काढतो. चांगल्या स्थितीतल्या एसएमपीएसमध्ये तो झिणझिण्यांपुरताच असतो. पण एखाद दिवशी आत बिघाड झाला, तर त्याच पत्र्यावर पूर्ण दाबाची वीज उतरू शकते. घरात लहान मुलं असतील तर हे काम उद्यावर टाकू नका.

कॅबिनेट आधीच घेतलंय? मग हे करून बघा

नवीन घेण्याआधी एक फुकटची चाचणी आहे. नेहमीचा गेम वीस मिनिटं चालवा आणि तापमान लिहून ठेवा. मग पीसी बंद करून बाजूचं पॅनल काढा आणि तेवढाच वेळ तोच गेम परत चालवा. आत हात मात्र घालू नका. दोन-तीन अंशांचा फरक पडला तर कॅबिनेट निर्दोष आहे, दोष दुसरीकडे शोधा. दहा अंशांनी उतरलं तर तुमचा पीसी गुदमरतोय. मग फक्त समोरचं पॅनल काढून बघा. त्यानेही तेवढाच फरक पडला, तर आरोपी सापडला.

पॅनल काचेचं असेल तर ते फरशीवर टेकवू नका. टफन्ड ग्लासची कड टाईल्सवर जरा जरी आपटली तरी अख्ख्या काचेचा चुरा होऊ शकतो. खाली सतरंजी किंवा जाड चादर अंथरा.

आणि टेबलाकडेही बघा. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना 'सीपीयू ठेवायचा' म्हणून एक बंद कप्पा असतो, मागे भिंत. हजारो रुपयांचं जाळीचं कॅबिनेट त्यात सरकवलं की सगळी मेहनत वाया. त्याला बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा आणि जमिनीवर ठेवायचा असेल तर खाली छोटा स्टूल किंवा पाट द्या. अनेकांचं काम नवीन कॅबिनेटशिवाय इथेच भागतं.

थोडक्यात क्रम

दुकानात उभे असाल तर या क्रमाने विचारत जा. हवा कुठून येते आणि कुठून जाते? बोर्ड, कार्ड आणि कूलर बसतात का? फिल्टर हाताने निघतो का? किती फॅन बसवलेले येतात? आतल्या कडा हाताला कापतात का? मदरबोर्डच्या मागे वायरी लपवायला जागा आहे का? पुढचे यूएसबी पोर्ट हाताशी येतात का? या सगळ्याची उत्तरं पटली की मग रंग, काच आणि लाईट तुमच्या आवडीने घ्या. त्यात काही चूक नाही.

ग्राफिक्स कार्ड तीन-चार वर्षांनी जुनं होतं, प्रोसेसर बदलतो, रॅम बदलते. नीट निवडलेलं कॅबिनेट मात्र यातल्या दोन-तीन पिढ्या पोटात घेतं. यादीतली शेवटची वस्तू घरात सगळ्यात जास्त दिवस टिकते. तिच्यासाठी यादीत पैसे आधी बाजूला काढून ठेवा, 'उरतील' याची वाट बघू नका.